यशूने सगळ्यांना जेवायला बोलावलं

पालकांच्या बैठकीत मानसी मॅडम म्हणाल्या, "जाधव, तुम्ही तुमचा अनुभव लिहून काढा. नवीन येणाऱ्या आईबापांना वाचायला देऊ." बाकीचे पालक माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. मला लगेच शंका आली. बैठकीत दोन प्राथमिक शिक्षक होते, एक वकील होते, मग लिहायला मीच का? घरी येऊन सुनीताला, म्हणजे बायकोला, विचारलं. ती भांडी लावता लावता म्हणाली, "तुमच्याएवढ्या चुका दुसऱ्या कुणी केल्या नसतील, म्हणून."

तर हे त्या चुकांचं लिखाण. उपयोग होतो का बघा.

आधी माझा धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी एसटीत तिकीट तपासनीस आहे. मधल्याच एखाद्या थांब्यावर गाडीत चढायचं आणि तिकिटं बघायची. या कामात माणूस एक गोष्ट पक्की शिकतो. ज्याच्याकडे तिकीट नाही तो तुमच्याकडे बघत नाही. तो खिडकीबाहेर बघतो, चपलेकडे बघतो, नाहीतर झोपेचं सोंग घेतो. मी पायरीवर उभा राहून एकदा सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवतो आणि जो ती चुकवेल त्याच्याकडे सरळ जातो. बहुतेक वेळा मी बरोबर असतो. उरलेल्या वेळी त्या माणसाला लघवीला लागलेली असते.

आणि माझ्या घरात अशी मुलगी जन्माला आली, की जी कुणाच्याच नजरेला नजर देत नाही. यशोधरा, म्हणजे आमची यशू. ती तीन वर्षांची असताना मी तिची चौकशी केलेली आहे. खरंच. कपाटातलं घड्याळ कुणी पाडलं, ती भिंतीकडे बघते म्हणजे तिनेच पाडलं. घड्याळ मांजराने पाडलं होतं.

कोल्हापूर

यशू पाच वर्षांची झाली तेव्हा आम्ही तिला कोल्हापूरला नेलं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. मला चिठ्ठी देणाऱ्याचाही संशय होता आणि जिच्या नावाने दिली त्या कोल्हापूरच्या डॉक्टर बाईंचाही. गाडीत मी सुनीताला बजावलं, की आपण आपणहून काही सांगायचं नाही, शोधू दे त्यांना. सुनीता खिडकीबाहेर बघत होती, अगदी बिनतिकिटासारखी. तिला सगळं आधीच उमगलेलं होतं हे मला फार नंतर कळलं.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी हाक मारली, "यशोधरा." यशू पंख्याच्या बटणांकडे बघत होती. दुसरी हाक झाली. तिसऱ्या हाकेला मीच "ओ" दिली. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. ते माझ्याबद्दल होतं असा माझा आजही संशय आहे.

"बोलते का?" त्यांनी विचारलं.

"बोलते का म्हणजे? यशू, म्हण."

यशूने सुरू केलं. "रत्नागिरी, हातखंबा, पाली, नाणीज, दाभोळे, साखरपा, आंबा, मलकापूर," असं करत थेट कोल्हापूरपर्यंत, आणि मग उलटं परत रत्नागिरी. एक थांबा चुकला नाही. मी डॉक्टरांकडे बघितलं, की काढा आता चूक.

"छान," त्या म्हणाल्या. "तहान लागली तर पाणी मागते?"

त्याच सकाळी आंबा घाटात तिने माझा हात उचलून पिशवीतल्या बाटलीवर ठेवला होता. रोज तसंच करायची. चिमट्याने भांडं उचलावं तसा ती माझा हात वापरायची. मी ते वर्षानुवर्षं बघत होतो आणि त्याला माया समजत होतो.

पुढे बाईंनी बराच वेळ समजावलं. ऑटिझम आहे, मराठीत स्वमग्नता म्हणतात, हा बरा व्हायचा आजार नाही, ही मेंदूची घडणच वेगळी. मी विचारलं, "किती महिन्यांचा कोर्स?" त्या म्हणाल्या, "कोर्स नाही हो. शिकवत राहायचं." औषध नाही, इंजेक्शन नाही, शेवटची तारीख नाही. मी मनात म्हटलं, हा फसवणुकीचाच प्रकार दिसतोय.

परतीच्या गाडीत कंडक्टर ओळखीचा निघाला. त्याने आमचे चेहरे बघितले, काही न विचारता ड्रायव्हरमागची खिडकी यशूला दिली आणि रत्नागिरी येईपर्यंत आमच्याशी एक शब्द बोलला नाही. त्याने असं का केलं असेल याचा मी साखरप्यापर्यंत विचार केला. मग थकलो. नव्या पालकांना सांगतो, काही लोक काही न बोलून मदत करतात. ते ओळखायला मला वेळ लागला.

घरचं सांगायचं तर माझ्या बहिणीने फोनवर निकाल दिला, "वहिनीने लाड केले म्हणून झालं." मी ते सुनीताला सांगितलं. का सांगितलं, मला माहीत नाही. बहुधा दोष माझ्याकडून दुसरीकडे जातोय हे बरं वाटलं असणार. सुनीताने त्यानंतर दोन वर्षं माझ्या बहिणीला आणि सहा महिने मला क्षमा केली नाही.

जिन्यावरची तपासणी

यशू आठ वर्षांची असताना मानसी मॅडमचा वर्ग सापडला. मंगळवारी आणि शनिवारी, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत. सहा मुलं. तिथे म्हणे लोकांत कसं वागायचं ते शिकवतात.

पहिल्या दिवशी बघितलं, तर मुलं गोल बसून एकमेकांकडे चेंडू सरकवत होती, आणि सरकवण्याआधी समोरच्याचं नाव घेत होती. अर्धा तास तेच. मग चित्रांची कार्डं आली. हा चेहरा रागावलाय, हा कंटाळलाय. मग "थांब, आता माझी पाळी" असं म्हणायचा सराव. मी सुनीताला म्हटलं, "हे तर आपण कुणी न शिकवता शिकलो."

"तुम्ही शिकलात?" ती म्हणाली.

त्यात नजरेचा मुद्दा निघाला. घरी मी यशूची हनुवटी धरून "माझ्याकडे बघून बोल" असे तास घेत होतो. यशूने त्यावर तोडगा काढला होता. ती समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधोमध बघायची, पापणी न लववता. आमचे साडू एकदा त्यामुळे चहा अर्धा टाकून उठले. मॅडम म्हणाल्या, "तो हट्ट सोडा. ती जमिनीकडे बघते तेव्हाच नीट ऐकत असते. डोळ्यांत बघायला लावलंत तर तिची सगळी ताकद बघण्यातच संपते."

मला वाटलं, बाईंना जमत नाही म्हणून त्या अभ्यासक्रमच छोटा करतायत. माझ्या धंद्यात अशा वेळी एकच उपाय असतो. एका मंगळवारी मी ड्युटीवर आहे असं सांगून निघालो आणि वर्ग अर्ध्यावर आला असताना जिना चढून दाराच्या फटीला डोळा लावला.

"जाधव, आत या," आतून मॅडमचा आवाज आला. त्यांनी मान पण वळवली नव्हती. "आज आम्हाला एक अनोळखी माणूस हवाच होता."

मला मधे उभं केलं. मुलांचा धडा होता, अनोळखी माणूस म्हणाला 'चल, तुला घरी सोडतो' तर काय करायचं. मी एकेकाला विचारलं. यशूची पाळी आली. मी म्हटलं, "चल यशू, घरी जाऊ."

यशू माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघत म्हणाली, "ओळखपत्र दाखवा."

मी खिसे चाचपले. ओळखपत्र दुसऱ्या शर्टात.

"मग मी येणार नाही," यशू म्हणाली, आणि जाऊन आपल्या जागेवर बसली. सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची तिकिटं तपासली, आणि मला स्वतःच्या मुलीने तपासलं. जिना उतरताना मी चिडलेला होतो. अर्ध्या जिन्यात मला हसू आलं. ते कुणी बघितलं नाही ना, म्हणून मी वर बघितलं.

न सांगितलेले नियम

मग मॅडमनी पालकांना घरचा अभ्यास दिला. आपल्या घरात, आळीत जे नियम कुणी तोंडाने सांगत नाही पण सगळे पाळतात, ते लिहून काढा. ही मुलं असे नियम हवेतून उचलत नाहीत, त्यांना सांगावे लागतात.

मी लिहिलं. बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारायचं नाही. निघताना 'जातो' नाही, 'येतो' म्हणायचं. आपल्या लोकांना जयभीम, बँकेतल्या जोशीकाकांना नमस्कार, नाक्यावरच्या अब्दुलचाचांना सलाम. इथे यशूचा गोंधळ झाला आणि ती सगळ्यांनाच जयभीम घालायला लागली. जोशीकाका पहिल्या दिवशी चपापले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच आधी हात जोडून "जयभीम, यशोधरा" म्हटलं. ते टोमणा मारतायत का, हे बघायला मी आठवडाभर त्यांच्या मागे होतो. टोमणा नव्हता.

शेवटचा नियम लिहिला तो असा: आपण पडवीत खायला बसलो असताना समोरून कुणी गेलं तर 'या जेवायला' म्हणायचं. तो 'होऊ द्या, होऊ द्या' म्हणतो आणि जातो.

यशूने तो तीनदा वाचला. "तो येत नाही?"

"नाही."

"मग बोलवायचं कशाला?"

मी सुनीताकडे बघितलं. सुनीता म्हणाली, "सांगा ना." मी म्हटलं, "रीत असते गं." यशूने 'रीत' हा शब्द वहीत लिहून घेतला. पुढे काही लिहिलं नाही.

आमचं घर आरे-वाऱ्याच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. मागे चढावर आंब्याच्या कलमांची बाग, तिथली पायवाट आमच्या पडवीसमोरून जाते. यशू रोज संध्याकाळी साडेपाचला पडवीत घावन खायला बसायची आणि जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "या जेवायला." पोस्टमन म्हणायचे होऊ द्या. मासेवाली राधामावशी डोक्यावरची पाटी सावरत म्हणायची, "होव दे गो बाय माझे. बापाशीला सांग, बांगडे ताजे हायत." यशूने वहीत दोन रकाने पाडले. आले. नाही आले. दुसऱ्या रकान्याची चार पानं भरली. पहिला कोरा. एकदा तिने म्हशीला पण बोलावलं. म्हैस थांबली, पण ती नेहमीच थांबते.

मग नोव्हेंबरात एक दिवस पायवाटेने एक मुलगी आली. अस्मिता. वरच्या बागेच्या गुरख्याची मुलगी, नेपाळची, यशूच्याच शाळेत एक वर्ग पुढे. बागवाले मुंबईला असतात, हे कुटुंब बारा महिने बाग राखतं. यशू म्हणाली, "या जेवायला."

अस्मिताने चपला काढल्या, पडवीत आली आणि मांडी घालून बसली.

तिला आपली रीत ठाऊकच नव्हती. बोलावलं, आली. यशूने आधी वही काढली आणि पहिल्या रकान्यात एक रेघ मारली. मग घावन तिच्यापुढे सरकवलं.

संशयित

त्यानंतर अस्मिता रोज यायला लागली. बरोबर साडेपाचला. कामावर यापेक्षा वेळेवर येणारा माणूस मी बघितलेला नाही, आणि माझ्या अनुभवात इतका नियमित माणूस पगारी असतो.

सांगायला जड जातं, पण लिहायचंच ठरवलंय तर लिहितो. माझ्या मुलीशी रोज खेळायला कुणी आपणहून येईल यावर माझा विश्वास बसेना. यशू खेळते म्हणजे काय करते, तर आंब्याची सुकी पानं लांबीप्रमाणे ओळीने लावते आणि थांब्यांची नावं घेते. त्यात दुसऱ्या मुलीला काय मजा? मॅडम एकदा बैठकीत म्हणाल्या होत्या, की मुलांना सोबत्याची गरज असते, तशी जुळवाजुळव आम्ही करतो. जुळवाजुळव हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. मी हळूहळू पुरावे गोळा केले. सुनीता फोनवर बोलताना मी आलो की आवाज खाली करते. अस्मिता निघताना स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने जाते. आणि तिच्या हातात काहीतरी असतं.

भाड्याने आणलेली मैत्रीण. माझा तपास पूर्ण झाला होता.

एप्रिलमधल्या एका रजेच्या दिवशी मी मागच्या गडग्याआड, चिऱ्यांच्या त्या कमरेएवढ्या भिंतीआड, वाकून बसलो. वर बागेत आंब्याची राखण चालू होती, आणि खाली मी. सव्वासहाला मागचं दार उघडलं. सुनीताने अस्मिताच्या हातात वर्तमानपत्राची पुडी दिली आणि आत गेली. मी उभा राहिलो.

"थांब. काय आहे त्यात?"

अस्मिता थांबली. आणि खाली बघायला लागली.

माझ्यातला तपासनीस जागा झाला. "वर बघ. माझ्याकडे बघ. किती देतात तुला, रोज इथे यायचं?"

ती खाली बघूनच म्हणाली, "खायला देतात."

"दाखव."

तिने पुडी पुढे केली. मी उघडली. आत घावनाच्या कडा होत्या. जाळीदार, करपट, कुरकुरीत कडा, गोल गोल तोडून ठेवलेल्या.

यशू कडा खात नाही. तोंडात टोचतात तिला. लहानपणापासून कडा ताटाखाली टाकायची. मला वाटायचं, त्या कचऱ्यात जातात.

"यशू ठेवते माझ्यासाठी," अस्मिता म्हणाली. "मला त्याच आवडतात." मग ती वळली आणि पायवाटेने वर निघून गेली. पुडी माझ्याच हातात.

मी मागे बघितलं. दाराच्या पायरीवर यशू बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं, कारण ती जमिनीकडे बघत होती.

सुनीता बाहेर आली. पुडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "म्हणजे आपल्या पोरीशी कुणी फुकट खेळूच शकत नाही, असं वाटतं तुम्हाला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही चढवता आला असता.

आठ दिवस

दुसऱ्या दिवशी साडेपाचला यशू पडवीत बसली. घावन खाल्लं, कडा तोडून बाजूला ठेवल्या. पायवाट मोकळी होती. "या जेवायला," ती मोकळ्या वाटेला म्हणाली. सहा वाजता वही काढून दुसऱ्या रकान्यात रेघ मारली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. ती रडली नाही, आणि तेच मला सहन होईना. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "ती रडत नाही म्हणजे तिला काही होत नाही, असं समजू नका." मी ते समजत नव्हतोच. मला फक्त कुणीतरी, खोटं का होईना, तिला काही होत नाही असं सांगायला हवं होतं.

सुनीता माझ्याशी बोलत नव्हती, यशूमार्फत निरोप द्यायची. आणि यशू निरोप शब्दन् शब्द पोचवते. ती माझ्यासमोर उभी राहून म्हणायची, "बाबांना सांग, डबा भरलाय, नसेल न्यायचा तर नका नेऊ म्हणावं." त्यातला "म्हणावं" सुद्धा ती गाळत नव्हती.

पाचव्या दिवशी मी हुशारी केली. नाक्यावरच्या दुकानातून बिस्किटांचे पुडे घेतले आणि वर जाणाऱ्या आंबे काढणाऱ्या माणसाबरोबर गुरख्याकडे पाठवले. पुडे संध्याकाळी परत आले. निरोप असा, की कोण देतो, कशाला देतो, ते आधी सांगा. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं, म्हणून मला जास्तच राग आला.

आठव्या दिवशी यशू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात वर्गातलं कार्ड. माफी मागण्याच्या चार पायऱ्या. एक, मी काय केलं ते सांगणे. दोन, समोरच्याला कसं वाटलं असेल ते सांगणे. तीन, माफ कर म्हणणे. चार, यापुढे काय करीन ते सांगणे. खाली लाल पेनने: समोरच्याने लगेच माफ केलंच पाहिजे असं नाही.

"मला येतं गं हे," मी म्हटलं.

"म्हणून दाखवा."

मी घसा साफ केला. "अस्मिता, मी त्या दिवशी तुला बोललो, कारण मला वाटलं..."

"कारण नाही," यशू म्हणाली. "पायऱ्यांत कारण नाही."

"मी जरा चढ्या आवाजात बोललो असेन..."

"असेन नाही. बोललात."

अकरा वेळा झालं. मी दर वेळी कुठून ना कुठून निसटायचो. गाडीत माणसं मला जी जी कारणं देतात ती सगळी मी दिली. आतल्या खोलीतून सुनीताचं हसू ऐकू आलं. आठ दिवसांत पहिल्यांदा. ते मला हसण्यासारखंच होतं, तरी बरं वाटलं.

वरची बाग

ऊन उतरल्यावर आम्ही दोघं चढ चढलो. बागेच्या तोंडाशी कुत्रा भुंकायला लागला आणि मागून गुरखा आला. गळ्यात माकडांसाठीची गलोल. त्याने मला डोक्यापासून चपलेपर्यंत बघितलं. ती नजर मी ओळखतो. ती माझीच आहे.

"कोण? काय काम?"

"मी जाधव. खालच्या घरातला."

"आंबा नाही देणार. मालक नाही इथं."

"आंबे नकोत मला."

"सगळा लोक असंच बोलतो," तो म्हणाला.

मी खाली बघितलं. आपण खाली बघतोय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. त्याने कुत्र्याचा पट्टा आणखी घट्ट धरला. नशीब, यशू मागून पुढे आली आणि म्हणाली, "जयभीम. अस्मिता आहे का?" गुरख्याचा चेहरा एकदम बदलला. "यशू," तो म्हणाला आणि खोपटाकडे वळून हाक मारली. त्याचं नाव टेकराज. सहा महिने त्याची मुलगी माझ्या पडवीत बसत होती आणि ते नाव मी त्या दिवशी विचारलं.

अस्मिता दारात आली, पण चौकटीच्या बाहेर आली नाही. मी कार्ड काढलं. बघूनच वाचलं, न बघता बोललो असतो तर नक्की कुठेतरी निसटलो असतो.

"मी तुला थांबवलं, तुझी पुडी उघडली आणि यायचे पैसे किती मिळतात असं विचारलं." टेकराज माझ्याकडे बघायला लागला. त्याला हे माहीत नव्हतं. मुलीने घरी सांगितलंच नव्हतं. मला तिथेच थांबावंसं वाटलं, पण अजून तीन पायऱ्या बाकी होत्या. "तुला वाईट वाटलं असेल. चोर म्हटल्यासारखं. मला माफ कर. यापुढे तू आमच्याकडे येशील तेव्हा मी काही तपासणार नाही."

यशू बोटांवर मोजत होती. चारही पायऱ्या झाल्या, तशी तिने मान हलवली.

अस्मिता विचार करत होती. मग म्हणाली, "त्या कडा टाकल्या का?"

"मुंग्या लागल्या," मी म्हटलं.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

तिला याचं खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. टेकराज अजून माझ्याकडेच बघत होता. त्याने काय ठरवलं ते मला कळलं नाही, आजही कळलेलं नाही. त्याने कुत्र्याला नेऊन फणसाच्या झाडाला बांधलं, एवढं खरं.

खोपटातून चुलीचा धूर येत होता. अस्मिताची आई दारातून डोकावली, पदर सावरला आणि म्हणाली, "जेवायला या."

"होऊ द्या, होऊ द्या," मी म्हटलं. "आत्ताच झालं आमचं." झालेलं काही नव्हतं. तोंडातून आपोआप आलं. आणि मनात नेहमीचा विचार, की ही रीतीने म्हणतेय की खरंच, आणि खरंच असेल तर का.

तोपर्यंत यशूने चपला काढल्या होत्या. ती आत जाऊन बसलीसुद्धा.

मीही चपला काढल्या. आत भाकरीएवढ्या जाड रोट्या होत्या आणि बटाट्याचा रस्सा. टेकराज माझ्याशेजारी बसला, माझ्याकडे न बघता त्याने ताट माझ्यापुढे सरकवलं. सवयीने मी सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. कुणीच वर बघत नव्हतं, जो तो आपल्या ताटात.

यशूने रोटी हातात घेतली आणि गोल गोल फिरवत तिची कडा तोडली. एक लांब पट्टी निघाली. ती तिने काही न बोलता अस्मिताच्या ताटात ठेवली.

अस्मिताने थोडा वेळ त्या कडेकडे बघितलं. मग उचलली आणि खाल्ली.